द्राक्ष बागायतदारांचे गट व त्यांची जाळी : शेतकऱ्यांच्या नेतृत्वाखालील सहकार्याची जडणघडण

प्रस्तावना

शेती प्रत्येक शेतकरी आपापल्या बांधाच्या आत करीत असला, तरी त्याच्यापुढील बहुतेक प्रश्न बांधाबाहेरून येतात. रोग शेजारच्या रानातून येतो, पाणी वरच्या अंगाच्या धरणातून येते आणि मालाचा दर त्याने कधी न पाहिलेल्या बाजारपेठेत ठरतो. अशा प्रश्नांना एकट्या शेतकऱ्याजवळ उत्तर नसते. म्हणून एकच पीक घेणारे शेतकरी एकत्र येतात, आपापल्या अनुभवांची देवाणघेवाण करतात आणि पुढे खरेदी, विक्री व संशोधन यांतही एकमेकांना साहाय्य करतात. अशा एकत्र येण्याला ‘उत्पादक गट’ म्हणता येईल आणि अनेक गट परस्परांशी जोडले गेले म्हणजे त्यांचे ‘जाळे’ तयार होते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या गटांच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हे गट कोणत्या गरजेतून निर्माण झाले, ते कोणती कामे करतात, संकटात ते कसे टिकले व त्यांच्या मर्यादा कोणत्या, या चार मुद्द्यांभोवती विवेचन केले आहे.

संकल्पना व पूर्वपरंपरा

परस्परसाहाय्य ही महाराष्ट्रातील शेतीला नवी गोष्ट नाही. ज्या शेतकऱ्याचे काम मागे पडले असेल त्याच्या रानात गावातील इतरांनी आपले बैल व औते घेऊन यावे, एका दिवसात नांगरट उरकून द्यावी आणि त्याने सर्वांना जेवण घालावे, ही ‘इर्जिक’ होय. दोन-चार कुटुंबांनी श्रमांची व बैलांची आळीपाळीने देवाणघेवाण करावी, ही ‘सावड’ होय. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरील ‘फड’ पद्धतीत तर बंधाऱ्याच्या पाण्याचे वाटप, पिकांची निवड आणि पाटांची देखभाल हे सर्व लाभधारक शेतकरीच ठरवीत आले. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवावयाचा, हा कठीण निर्णयही ते सामूहिकरीत्या घेत.

या पूर्वपरंपरेत एक मर्यादा होती. तिचा परीघ एका गावापुरता किंवा एका बंधाऱ्यापुरता होता व तिचा आधार समोरासमोरची ओळख हा होता. आधुनिक व्यापारी पिकांच्या बाबतीत हा परीघ अपुरा पडतो. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही अशा हजारो शेतकऱ्यांमध्ये विश्वास कसा निर्माण करावा, हा आधुनिक उत्पादक गटांपुढील मूलभूत प्रश्न आहे.

सहकारी साखर कारखानदारीने या प्रश्नाला एक उत्तर दिले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभा राहिलेला कारखाना हे त्याचे आद्य उदाहरण होय. तथापि तेथे कारखाना हे केंद्र असते आणि ऊस त्याच्याकडे जातो. द्राक्षाच्या बाबतीत असे एक केंद्र नव्हते. त्यामुळे द्राक्ष बागायतदारांना आधी ज्ञानाच्या आधारे व नंतर बाजाराच्या आधारे संघटन उभारावे लागले.

द्राक्षपीक आणि गटाची गरज

द्राक्षवेलीच्या स्वभावातच गटाची गरज दडलेली आहे. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी केली जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते व तिच्यानंतरच्या काळात काडीवरील डोळ्यांत पुढील घडाची निर्मिती ठरते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल हाती येतो. म्हणजे उन्हाळ्यात केलेल्या चुकीची शिक्षा पुढील हिवाळ्यात मिळते. अशा पिकात केवळ स्वतःच्या अनुभवावरून शिकावयाचे ठरविले, तर एक धडा शिकण्यास एक वर्ष लागते. शंभर बागायतदारांनी आपले अनुभव एकत्र मांडले, तर एकाच हंगामात शंभर बागांचे धडे मिळतात.

दुसरे कारण भांडवलाचे आहे. मांडव, ठिबक सिंचन, खुंटरोपे, कलम, औषधे व मजुरी यांवर पहिला घड हाती येण्यापूर्वीच मोठा खर्च होतो. बहुतेक बागा कर्जावर उभ्या असतात. केवडा व भुरी हे रोग ढगाळ, दमट हवेत झपाट्याने पसरतात. फुलोऱ्याच्या काळातील पाऊस घडांची गळ व कूज घडवितो, तर पक्व मण्यांवर पाऊस पडल्यास मणी तडकतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाच्या वेळी आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात नाशिक भागातील बागायतदारांनी हा अनुभव घेतला.

तिसरे कारण नाशवंततेचे आहे. काढलेला घड घरात ठेवून दराची वाट पाहता येत नाही. बागेत येणारा व्यापारी ही गोष्ट जाणून असतो. ठरलेल्या दरात ऐन काढणीच्या वेळी कपात करणे, तसेच माल नेऊन पैसे न देता पसार होणे, असे प्रकार द्राक्षपट्ट्यात वारंवार घडले आहेत. एकट्या बागायतदारास अशा वेळी दाद मागणे अवघड जाते.

ज्ञानाचे जाळे : महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ

या गरजेतून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना झाली. पुण्याजवळील मांजरी येथे संघाचे मध्यवर्ती कार्यालय असून नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर असे त्याचे विभाग आहेत. संघाचे पदाधिकारी स्वतः बागायतदार असतात. ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक, वार्षिक अधिवेशन आणि छाटणीच्या हंगामापूर्वी विभागवार भरणारी चर्चासत्रे ही संघाच्या कार्याची प्रमुख साधने होत.

या चर्चासत्रांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. व्यासपीठावर शास्त्रज्ञ असतो, परंतु सभागृहातील श्रोता हा केवळ श्रोता नसतो. गेल्या हंगामात कोणत्या फवारणीने केवडा आटोक्यात आला, कोणत्या जमिनीत कोणता खुंट दबला, हे तो स्वतःच्या बागेच्या आधारे सांगतो. शास्त्रज्ञाची शिफारस व शेतकऱ्याचा अनुभव यांची येथे उघडपणे पडताळणी होते. ज्ञान वरून खाली झिरपण्याऐवजी दोन्ही दिशांनी वाहते, हे या जाळ्याचे वैशिष्ट्य होय.

बागायतदारांच्या निरीक्षणशक्तीची साक्ष द्राक्षाच्या वाणांतून मिळते. ‘थॉम्पसन सीडलेस’ हा परदेशी वाण महाराष्ट्रात स्थिरावल्यानंतर त्यातील नैसर्गिक बदल शेतकऱ्यांनीच हेरले. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगाव येथील वसंतराव आर्वे यांच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ हा वाण पुढे आला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ व काळ्या रंगाचा ‘शरद सीडलेस’ हे वाण निवडले. एका वेलीवरील वेगळी काडी ओळखणे हे एका बागायतदाराचे काम होते. परंतु तिचे डोळे गावोगावी पोहोचणे, निरनिराळ्या जमिनींत तिची परीक्षा होणे आणि ती मान्यता पावणे, हे बागायतदारांच्या परस्परसंपर्काशिवाय इतक्या वेगाने घडले नसते. पाण्याचा तुटवडा व जमिनीतील क्षार यांवर उपाय म्हणून ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करण्याची पद्धत ज्या गतीने पसरली, तिच्यामागेही हाच संपर्क होता.

१९९७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू केले. संघाचे कार्यालय व संशोधन केंद्र एकाच परिसरात असल्याने बागेतील प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष बागेपर्यंत पोहोचण्याचे अंतर कमी झाले.

बाजाराचे जाळे : महाग्रेप्स

ज्ञानामुळे माल सुधारला. परंतु चांगला माल चांगल्या दराने विकला जाईलच, असे नाही. निर्यातीसाठी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ या संस्थेची स्थापना झाली. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम यांसारख्या शासकीय संस्थांचे साहाय्य तिला लाभले. तिची रचना विशेष अभ्यसनीय आहे. बागायतदार हे आपापल्या भागातील सहकारी संस्थेचे सभासद असतात आणि या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था चालवितात. स्थानिक पातळीवर सहकाराची आपुलकी आणि बाजाराच्या पातळीवर व्यावसायिक निर्णयाची मोकळीक, असा दुहेरी लाभ या रचनेमुळे साधला गेला.

द्राक्ष युरोपात पाठविणे म्हणजे काळाशी शर्यत असते. काढलेला माल काही तासांत पूर्वशीतकरण करून सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत आणावा लागतो, पुढे शून्य ते एक अंश तापमानात साठवावा लागतो आणि समुद्रमार्गाच्या तीन आठवड्यांच्या प्रवासात तो बुरशीपासून वाचावा म्हणून पेटीत गंधकाचा वायू सोडणारे कागद घालावे लागतात. पूर्वशीतकरण गृह व शीतगृह यांचा खर्च एकट्या बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा असतो. सहकारी संस्थेने ते उभारले म्हणजे दोन एकरांच्या बागायतदारालाही ते उपलब्ध होते. गटाचा आर्थिक अर्थ येथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो.

तथापि हा मार्ग सुकर नव्हता. सुरुवातीस महाग्रेप्समध्ये २९ सहकारी संस्था होत्या; पुढे त्यांची संख्या १६ वर आली. काटेकोर प्रतवारी, नोंदी व शिस्त ज्यांना पेलली नाही त्या संस्था गळाल्या. उरलेल्यांना मात्र लाभ झाला. देवेश रॉय व अमित थोरात यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाग्रेप्सशी संलग्न शेतकऱ्यांना अन्य पर्यायांच्या तुलनेत लक्षणीय अधिक उत्पन्न मिळत असल्याचे दिसून आले. यावरून गटाचे यश केवळ सभासदसंख्येवर मोजता येत नाही, हे स्पष्ट होते. गटाला विस्तार व शिस्त या दोहोंमध्ये निवड करावी लागते आणि त्या निवडीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

रासायनिक अवशेषांचा प्रश्न

सामूहिक विक्रीबरोबर सामूहिक जोखीमही येते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष आढळले. अवशेष काही पेट्यांत होते, परंतु संशय सर्व भारतीय द्राक्षांवर आला. परदेशातील ग्राहकास बागायतदाराचे नाव माहीत नसते. पेटीवरील देशाचे नाव तो वाचतो. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेने अवशेष नियंत्रण योजना सुरू केली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आली. निर्यातक्षम बागेची नोंदणी, तिचा क्रमांक, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटी यांची साखळी तीत जोडली गेली. कोणती पेटी कोणत्या बागेतील, हे सांगता येऊ लागले.

तरीही २०१० मध्ये अधिक मोठे संकट आले. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक बागायतदार खरड छाटणीनंतर वापरीत. शेंड्याची जोमदार वाढ थांबून डोळ्यांत घडनिर्मिती चांगली व्हावी, हा त्यामागील हेतू होता आणि ही पद्धत सर्वत्र रूढ होती. काढणीच्या कित्येक महिने आधी दिलेले हे द्रव्य वेलीत साठून राहते व घडात उतरते, याकडे लक्ष गेले नव्हते. भारतातील तपासणीच्या यादीतही त्याचा समावेश नव्हता. युरोपात प्रति किलो ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होती. तेथील तपासणीत अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने मालाचे कंटेनर अडकले, दर कोसळले आणि अनेक निर्यातदार व बागायतदार कर्जबाजारी झाले.

या घटनेत कोणा एकाचा अप्रामाणिकपणा नव्हता. बागायतदारांनी गटात प्रसृत झालेली पद्धतच प्रामाणिकपणे अवलंबिली होती. ज्या जाळ्यातून चांगले ज्ञान वेगाने पसरते, त्याच जाळ्यातून अपुरे ज्ञानही तितक्याच वेगाने पसरते, हा या प्रसंगाचा सर्वांत महत्त्वाचा बोध होय. म्हणून गटाने केवळ माहिती पोहोचविणे पुरेसे नाही. माहितीची वेळोवेळी फेरतपासणी करणारी यंत्रणाही त्याच्याजवळ असावी लागते. त्यानंतरच्या हंगामांत या द्रव्याची तपासणी सुरू झाली, फवारणीच्या नोंदवह्या काटेकोरपणे ठेवण्यावर भर आला आणि बागायतदारांच्या चर्चासत्रांत औषधाच्या परिणामाइतकेच त्याच्या अवशेषाविषयी बोलले जाऊ लागले. शेजाऱ्याच्या फवारणीची चौकशी करणे पूर्वी आगाऊपणा मानले जाई. आता ते परस्परांच्या हिताचे मानले जाऊ लागले.

उत्पादक कंपनी : नवी कायदेशीर चौकट

गटाला कायदेशीर रूप देण्याचा आणखी एक मार्ग योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींनंतर खुला झाला. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने ‘उत्पादक कंपनी’ची तरतूद केली व ती फेब्रुवारी २००३ पासून अमलात आली. किमान १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. सभासद केवळ उत्पादकच असू शकतात आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक वैयक्तिक सभासदास एकच मत असते. सहकाराचे लोकशाही तत्त्व व कंपनीची व्यावसायिक स्वायत्तता यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होय.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री’ शेतकरी उत्पादक कंपनी हे या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. शिंदे हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शिक्षण घेतलेले द्राक्ष बागायतदार होत. द्राक्ष निर्यातीपासून आरंभ करून टोमॅटो व अन्य फळे-भाजीपाल्याच्या प्रक्रियेपर्यंत संस्थेने विस्तार केला. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया व विपणन कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. शेतकऱ्यांच्या संस्थेत बाहेरचे भांडवल आल्यावर निर्णयाधिकार कोणाकडे राहील, हा प्रश्न यामुळे सर्वच उत्पादक कंपन्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

केंद्र शासनाने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना हाती घेतली. तीत सपाट प्रदेशात किमान ३०० व डोंगराळ भागात किमान १०० सभासदांची अट आहे, तसेच व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०,००० व्या संस्थेचा शुभारंभ झाला. संख्येचे उद्दिष्ट गाठले गेले असले, तरी वर ते खाली स्थापन झालेली संस्था आणि गरजेतून उगवलेला गट यांत फरक असतो. द्राक्ष बागायतदारांचा संघ अनुदानासाठी स्थापन झाला नव्हता. म्हणूनच शासनाची धोरणे बदलली तरी तो टिकून राहिला.

सहकार्य टिकविणारे घटक

वरील विवेचनावरून उत्पादक गटांच्या वाटचालीचे टप्पे सांगता येतात. प्रथम समान अडचण असलेले शेतकरी अनौपचारिकपणे भेटतात. दुसऱ्या टप्प्यात माहितीची देवाणघेवाण नियमित होते. तिसऱ्या टप्प्यात सामूहिक खरेदी व तपासणी होते आणि चौथ्या टप्प्यात सामूहिक विक्री येते. प्रत्येक टप्प्यावर परस्परांवरील अवलंबन वाढते. माहिती देऊन काही गमवावे लागत नाही. माल मात्र गटाच्या हवाली करून पैशासाठी थांबावे लागते. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत विश्वास पुरेसा रुजण्यापूर्वीच विक्री सुरू करणारे गट बहुधा अल्पजीवी ठरतात.

गट टिकण्यासाठी चार बाबी आवश्यक दिसतात. पहिली, हिशेबातील पारदर्शकता. प्रतवारीत माल का नाकारला, हे बागायतदाराला समजले पाहिजे. दुसरी, पूर्णवेळ व प्रशिक्षित कर्मचारी. नेतृत्व शेतकऱ्यांचे असले तरी दैनंदिन व्यवहार फावल्या वेळात चालत नाही. तिसरी, संशोधन संस्थेशी बरोबरीचे नाते. चौथी, गटांना जोडणारी मध्यवर्ती रचना. या चौथ्या बाबीचे महत्त्व परदेशातही ओळखले गेले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील धान्य उत्पादकांच्या विखुरलेल्या स्थानिक गटांना जोडण्यासाठी २००२ मध्ये ‘ग्रोअर ग्रुप अलायन्स’ ही संस्था स्थापन झाली. तेथील शेते हजारो एकरांची असली, तरी एका गटाचा प्रयोग दुसऱ्या गटापर्यंत पोहोचविण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

मर्यादा

या गटांच्या मर्यादाही दुर्लक्षून चालणार नाहीत. बाजारात दर चढला की सभासद गटाबाहेर माल विकतात आणि दर पडला की गटाकडे येतात. अशाने गटाचे करार मोडतात. नेतृत्व बहुधा मोठ्या व पाण्याची शाश्वती असलेल्या बागायतदारांकडे राहते. सातबारा उताऱ्यावर नाव असणे ही सभासदत्वाची व्यवहारातील अट असल्याने बागेत राबणाऱ्या स्त्रिया सभासद म्हणून फारशा दिसत नाहीत. घडांची विरळणी, संजीवकात घड बुडविणे, प्रतवारी व पेट्या भरणे ही कौशल्याची कामे मोठ्या प्रमाणावर मजूर स्त्रिया करतात. परंतु चर्चासत्रांत त्यांचे अनुभव ऐकले जात नाहीत. अवशेषांच्या मर्यादेची चर्चा दूरच्या ग्राहकाच्या आरोग्यासाठी होते. फवारणी करणाऱ्या मजुराच्या आरोग्यासाठी ती तितक्या आग्रहाने होत नाही. शिवाय अवकाळी पावसासारख्या संकटात सर्व सभासदांचे नुकसान एकाच वेळी होते. ज्यांनी एकमेकांना सावरावयाचे तेच सर्व कोसळतात. म्हणून पीक विमा व शासकीय साहाय्य यांना गट हा पर्याय ठरू शकत नाही.

समारोप

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांचा अनुभव असे दर्शवितो, की शेतकऱ्यांच्या नेतृत्वाखालील गट प्रथम ज्ञानाभोवती व नंतर बाजाराभोवती संघटित होतात. त्यांचे बळ सामायिक साधनांत असते, तसेच सामायिक जबाबदारीतही असते. एका बागेतील निष्काळजीपणाने सर्वांची बाजारपेठ धोक्यात येऊ शकते, हे २००३ व २०१० च्या घटनांनी दाखवून दिले. आणि एका बागेतील निरीक्षणाने सर्वांचे पीक सुधारू शकते, हे ‘तास-ए-गणेश’ व ‘सोनाका’ या वाणांनी दाखवून दिले. इर्जिकीत शेजारी बैल घेऊन येत असे. आजच्या गटात तो आपल्या बागेची नोंदवही घेऊन येतो. ती वही प्रामाणिकपणे उघडली जावी आणि तिच्यात बागेत राबणाऱ्या प्रत्येक हाताची नोंद व्हावी, यावरच या सहकार्याचे भवितव्य अवलंबून आहे.